आधी माणूस, मग सरासरी: मानसशास्त्राच्या संशोधन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मानसशास्त्र विभागांच्या संशोधन मान्यता समित्यांचे सदस्य, प्रबंधांचे परीक्षक आणि नियतकालिकांचे संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्याकडे येणाऱ्या प्रस्तावांत ‘व्यक्तिकेंद्री दृष्टिकोन’ हे शब्द हल्ली सढळ हाताने वापरलेले असतात. ते शीर्षकात आणि उद्दिष्टांत असतात, पण संशोधन पद्धतीच्या प्रकरणात शिरलो की कुठे सापडत नाहीत. तिथे असते सगळ्यांनी एकदाच भरलेली प्रश्नावली आणि सहसंबंधांचे एक कोष्टक. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. छाननी करणाऱ्या आपल्या सगळ्यांचा जास्त आहे, म्हणून हे पत्र.

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी राहतात. पहिली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची: समुपदेशनात माणसाच्या स्वतःच्या अनुभवाला अधिकार देणारी. दुसरी संख्याशास्त्रातली: चलांमधले (मोजलेल्या गुणांमधले) संबंध पाहण्याऐवजी सारख्या दिसणाऱ्या माणसांचे गट शोधणारी, म्हणजे क्लस्टर ॲनालिसिस, लेटंट क्लास आणि लेटंट प्रोफाइल ॲनालिसिस. तिसरी एकाच माणसाची पुन्हा पुन्हा मोजणी करून त्याच्या आत काय घडते ते पाहणारी. तिन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत. घोटाळा होतो तो पहिलीची भाषा घ्यायची, दुसरीचे गणित करायचे आणि निष्कर्ष तिसरीचे काढायचे, यातून.

आमचे म्हणणे एकच आहे. अभ्यास व्यक्तिकेंद्री आहे की नाही हे सरासरी कोणत्या टप्प्यावर काढली त्यावरून ठरवा. आधी प्रत्येक माणसाच्या आतला हिशेब करून मग माणसांची तुलना केली असेल, तर तो शब्द शोभतो. आधीच सगळ्यांना एकत्र मिसळून मग गट पाडले असतील, तर अभ्यास चांगला असू शकतो, पण तो गटांचा अभ्यास आहे.

क्रमाने एवढा फरक का पडतो, ते पाहू. अनेक गायकांची एकेकदा मोजणी केली, तर जास्त रियाज करणाऱ्यांच्या चुका कमी दिसतील, म्हणजे सहसंबंध ऋण. त्यातल्या एकाच गायकाच्या एका लांबलेल्या बैठकीत दर अर्ध्या तासाने चुका मोजल्या, तर गळा थकत जाईल तशा त्या वाढताना दिसू शकतील. तेव्हा सहसंबंध धन. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण प्रश्नच दोन आहेत. पहिल्या आकड्यावरून त्या गायकाला ‘चुका होताहेत ना, मग आणखी दोन तास बस’ असा सल्ला दिला, तर त्याचा गळा बसेल. मानसिक आरोग्यावरच्या प्रबंधांतल्या ‘शिफारशी’ या शेवटच्या प्रकरणात नेमके हेच घडते: माणसामाणसांतल्या फरकांवरून एका माणसाने काय बदलावे ते सांगितले जाते.

हे नवे नाही. जर्मन तत्त्वज्ञ विंडेलबांड यांनी १८९४ मध्ये सार्वत्रिक नियम शोधणारे ज्ञान आणि एकमेव घटना समजून घेणारे ज्ञान यांत भेद केला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ मध्ये तो व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आणला. रेमंड कॅटल यांनी माहितीची एक पेटी कल्पिली: एक बाजू माणसांची, दुसरी चलांची, तिसरी प्रसंगांची. आपण बहुतेक वेळा प्रसंगाची एकच चकती कापतो आणि बोलतो मात्र अख्ख्या पेटीबद्दल. पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये यातली गणिती अट स्पष्ट केली. गटाच्या रचनेवरून व्यक्तीच्या आतल्या रचनेबद्दल बोलायचे, तर सगळ्या माणसांची प्रक्रिया एकसारखी हवी आणि ती काळानुसार न बदलणारी हवी. विकास, शिकणे आणि उपचार या तिन्हींत दुसरी अट व्याख्येनेच मोडते. उपचाराने माणूस बदलावा हाच तर उद्देश असतो!

फिशर, मेडाग्लिया आणि जेरोनिमस यांनी २०१८ मध्ये वारंवार मोजणीच्या सहा माहितीसंचांवर हे तपासले. गटाची आणि व्यक्तींची मध्यवर्ती मूल्ये जवळपास जुळली, पण त्यांभोवतीचे विचरण (मूल्यांचा पसारा) व्यक्तींमध्ये गटापेक्षा दोन ते चार पट निघाले. म्हणजे सरासरी बरोबर असूनही ती कुणालाच नीट लागू पडत नाही, असे होऊ शकते.

निदानाच्या बाबतीतही तेच. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेनुसार तीव्र नैराश्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत आणि त्यांत दोन मुख्य लक्षणांपैकी निदान एक हवे. हातानेच मोजा: अशा जुळण्या २२७ होतात. त्यात झोप कमी की जास्त, भूक कमी की जास्त हे वेगळे धरलेलेही नाही. फ्रीड आणि नेसी यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या उपचार अभ्यासातले ३,७०३ रुग्ण तपासले. त्यांत लक्षणांच्या १,०३० वेगवेगळ्या जुळण्या सापडल्या आणि सर्वांत जास्त आढळलेली जुळणीसुद्धा फक्त १.८ टक्के रुग्णांत होती. सगळ्या लक्षणांची एक बेरीज करून तिला ‘नैराश्य’ म्हणताना एवढे लक्षात असू द्यावे.

आता लेटंट प्रोफाइल ॲनालिसिसकडे वळू. सध्या सर्वाधिक प्रस्ताव याचेच येतात आणि सर्वांत जास्त ढिलाईही इथेच चालते. तंत्र वाईट नाही. पण त्याला गट शोधायला सांगितले की ते गट देतेच, मग ते असोत वा नसोत. बाउअर आणि करन यांनी २००३ मध्ये याच कुळातल्या वाढीच्या मिश्र प्रारूपांवर दाखवले, की एकाच लोकसंख्येतली माहिती केवळ एका बाजूला झुकलेली असली तरी प्रारूप तिच्यात एकाहून अधिक वर्ग ‘शोधते’. चिंता, नैराश्य, मद्यपान यांच्या मापनश्रेणींवर सामान्य लोकांचे गुण जवळपास नेहमीच झुकलेले असतात. तेव्हा परीक्षकाने पहिल्यांदा मागायची गोष्ट म्हणजे प्रत्येक चलाचा साधा आयतालेख (हिस्टोग्राम).

दुसरी गोष्ट प्राचलांचा, म्हणजे प्रारूपाने माहितीवरून काढायच्या मूल्यांचा हिशेब. सहा चले आणि चार प्रोफाइल घ्या. सगळ्या प्रोफाइलमध्ये विचरण समान धरले आणि सहविचरण (दोन चलांचे एकत्र बदलणे) शून्य धरले, तर प्राचले ३३: सरासऱ्या २४, विचरणे ६, प्रमाणे ३. विचरण प्रत्येक प्रोफाइलला वेगळे ठेवले की ५१. सहविचरणेही मोकळी सोडली की १११. यांतले कोणते प्रारूप चालवले हे कित्येक प्रबंधांत लिहिलेलेच नसते, कारण सॉफ्टवेअरने जे मुळात ठेवले तेच राहू दिलेले असते. प्रोफाइलची संख्या मात्र याच निवडीवर हलते: सहविचरण शून्य धरले की चलांमधला उरलेला संबंध खपवायला प्रारूप जादा गट बनवते. नमुना २०० जणांचा आणि सर्वांत लहान प्रोफाइल पाच टक्क्यांचे असेल, तर तिथे माणसे दहा. दहा जणांवरून सहा सरासऱ्या काढून त्यांना ‘अतिजोखमीचा गट’ असे भारदस्त नाव द्यायचे, म्हणजे वाळूवर मनोरा उभारायचा.

गणना यादृच्छिक आरंभबिंदूंपासून सुरू होते आणि कधीकधी जवळच्याच खड्ड्यात अडकते. म्हणून काहीशे आरंभबिंदू द्यावेत आणि सर्वोत्तम लॉग-लाइकलिहूड (प्रारूप माहितीशी किती जुळते याचा आकडा) पुन्हा पुन्हा मिळाला का ते लिहावे. एकदाच मिळाला असेल, तर त्या उत्तरावर विसंबू नये. प्रोफाइलची संख्या ठरवताना बीआयसी (जुळणी आणि प्राचलांची संख्या एकत्र तोलणारा निर्देशांक) आणि बूटस्ट्रॅप लाइकलिहूड गुणोत्तर चाचणी (एक प्रोफाइल वाढवल्याने जुळणी खरोखर सुधारते का ते पाहणारी) या दोहोंना आधार आहे. नायलंड, अस्परुहोव आणि मुथेन यांच्या २००७ च्या सदृशीकरणात (संगणकावर बनवलेल्या माहितीवरच्या चाचणीत) याच दोन कसोट्या सर्वांत भरवशाच्या ठरल्या. एंट्रॉपी मात्र संख्या ठरवण्यासाठी नाही. वर्गीकरण किती स्पष्ट आहे एवढेच ती सांगते आणि चुकीच्या प्रारूपातही ती भरघोस येऊ शकते. ‘एंट्रॉपी ०.८ च्या वर, म्हणून चार प्रोफाइल’ हे वाक्य दिसले की तिथे लाल शाई वापरावी.

मग येतो आलेख. चारही रेषा एकमेकींना न छेदता वर-खाली समांतर धावत असतील, तर नावे काहीही दिली तरी हाताशी आहे कमी, मध्यम, बरे आणि जास्त. ही एकच मिती चार ठिकाणी कापलेली आहे. एकूण गुण वापरले असते तर तेच कळले असते, तेही कमी माहिती गमावून. आकारात फरक असेल, कुणाची चिंता वर आणि थकवा खाली तर कुणाचे उलट, तेव्हाच प्रोफाइल काही नवे सांगतात. आणखी एक मागणी जरूर करा: सरासरीच्या जाड रेषेमागे त्या प्रोफाइलमधल्या प्रत्येक माणसाची रेषा फिकट रंगात काढायला लावा. जाड रेषेसारखे दिसणारे किती कमी आहेत ते एका नजरेत दिसते.

सर्वांत जास्त वेळा पास होणारी चूक वेगळीच आहे. ज्या सहा चलांवरून गट पाडले, त्याच सहा चलांवर एनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावून ‘गटांत सार्थक फरक आढळला’ असे जाहीर करायचे. फरक आढळणारच, फरक पडावा म्हणूनच तर गट पाडले. पुरावा बाहेरच्या चलांवर द्यावा लागतो, तोही प्रत्येकाला एका खान्यात कायमचे टाकून नव्हे. एखाद्या प्रोफाइलची सरासरी सदस्यत्व-संभाव्यता ०.७८ असेल, तर त्यात टाकलेल्या शंभरांपैकी सुमारे बावीस जण प्रारूपाच्याच हिशेबाने दुसरीकडचे आहेत. ही चूक न धरता पुढचे गणित केले की संबंध खऱ्यापेक्षा फिके दिसतात. त्यासाठी वर्गीकरणातली चूक हिशेबात धरणाऱ्या त्रिटप्पी पद्धती आणि बीसीएच दुरुस्ती उपलब्ध आहेत. त्या वापरल्या नसतील तर का नाही, हे विचारावे. के-मीन्स (अंतरावरून गट पाडणारे क्लस्टर तंत्र) वापरले असेल, तर चले एका मापावर आणली का तेही पाहावे. ० ते १०० चे एक चल १ ते ५ च्या पाच चलांना गिळून टाकते.

काळावरच्या दाव्यांबद्दल. दोन वेळा प्रश्नावली भरून घेऊन ‘ताणामुळे झोप बिघडते की झोपेमुळे ताण वाढतो’ ठरवणारे प्रस्ताव थांबवावेत. हामाकर, कायपर आणि ग्रासमन यांनी २०१५ मध्ये दाखवले, की नेहमीचे क्रॉस-लॅग्ड प्रारूप (एका चलाच्या आधीच्या मूल्यावरून दुसऱ्याचे नंतरचे मूल्य सांगणारे) माणसामाणसांतले टिकाऊ फरक आणि माणसाच्या आतले चढउतार एकत्र कालवते, आणि त्यामुळे परिणामाची दिशासुद्धा उलटी येऊ शकते. हे वेगळे करायला किमान तीन फेऱ्या लागतात, आणि तीनही जेमतेमच.

दिवसातून अनेकदा मोबाइलवर नोंदी घेणारे अभ्यास या प्रश्नाला खरे तर सर्वांत जवळचे. पण त्यांचा हिशेब प्रस्तावात फसवा असतो. रोज ६ नोंदी, २१ दिवस, म्हणजे १२६. आकडा भरघोस वाटतो. आधीच्या नोंदीचा पुढच्या नोंदीवर परिणाम पाहायचा, तर रात्र ओलांडणाऱ्या जोड्या वगळाव्या लागतात, कारण आठ-दहा तासांचे अंतर दोन-तीन तासांच्या अंतरासारखे धरता येत नाही. उरल्या दिवसाला ५ प्रमाणे १०५ जोड्या. सहभागी ७५ टक्के नोंदी भरतो असे धरा. जोडीतल्या दोन्ही नोंदी हव्यात, म्हणून ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे सुमारे ५६ टक्के. हाती येतात ५९ जोड्या. सहा भावनांचे परस्पर जाळे काढायचे असेल, तर प्रत्येक समीकरणात सात गुणक आणि एकूण ४२, शिवाय उरलेल्या विचलनांची २१ मूल्ये वेगळी. एका माणसासाठी सहाऐवजी तीन चले घ्या म्हटले, तर विद्यार्थी नाराज होतो. होऊ द्यावे.

मालिका आखूड असेल तर आणखी एक फास आहे. प्रत्येकाच्या नोंदींतून त्याची स्वतःची सरासरी वजा करणे आवश्यक असते, पण त्याने भावनेची ‘रेंगाळ’ दाखवणारा स्व-सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी दिसतो. खरा गुणक ०.३ आणि नोंदी १४ असतील, तर तूट सुमारे ०.१ ची. म्हणजे ०.३ चे ०.२ होतात आणि लेखक लिहितो, ‘भावना लवकर ओसरतात’. तळाला चिकटलेली उत्तरेही तपासावीत. ‘किती उदास वाटते आहे’ याला एखाद्याने १२६ पैकी ११० वेळा १ उत्तर दिले, तर त्याच्या उदासीचा कशाशीही संबंध मोजता येणार नाही. असे सहभागी किती, हे पथदर्शी अभ्यासातच कळते. क्रॉनबाख अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न आपसांत किती जुळतात याचा निर्देशांक) मात्र इथे पुरावा नाही. एकदाच्या मोजणीतला ०.८५ माणसामाणसांतल्या फरकाचा भरवसा देतो. एकाच माणसातला आज-उद्याचा बदल ती मापनश्रेणी पकडते का, यावर तो काहीच बोलत नाही. बहुस्तरीय विश्वसनीयता वेगळी काढावी लागते.

एका व्यक्तीवरचे प्रायोगिक अभिकल्प समित्यांकडून ‘नमुना अपुरा’ म्हणून परत जातात. त्यांचे बळ दुसरीकडे असते. समजा एका व्यक्तीच्या ४० नोंदी घ्यायच्या आहेत आणि उपचाराआधी व नंतर निदान पाच-पाच नोंदी हव्या आहेत. मग उपचार सहाव्या नोंदीपासून छत्तिसाव्यापर्यंत कुठेही सुरू होऊ शकतो, म्हणजे ३१ शक्य आरंभ. त्यांतला एक चिठ्ठी टाकून निवडला, तर यादृच्छिकीकरण चाचणीत मिळू शकणारे सर्वांत लहान पी मूल्य (परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) १/३१, सुमारे ०.०३२. तीन व्यक्ती आणि प्रत्येकीला सहा शक्य आरंभ दिले, तर जुळण्या २१६ आणि सर्वांत लहान मूल्य ०.००५ च्याही खाली. हे सगळे एका अटीवर: आरंभ चिठ्ठीनेच ठरला पाहिजे. समुपदेशकाने ‘आज फारच वाईट दिवस आहे, आजपासूनच सुरू करू’ म्हटले की चाचणी गेली. शिवाय वाईट दिवसानंतर बरे दिवस येतातच, ते उपचाराच्या खात्यात जमा होतात. अशा अभ्यासांचा अहवाल कसा लिहावा यासाठी सेंट (CENT) २०१५ आणि स्क्राइब (SCRIBE) २०१६ या मार्गदर्शिका आहेत. परीक्षकाने तीच तपासणी-सूची हाताशी धरावी.

रॉजर्स यांचे नाव घेऊन ‘माणूस आकड्यांत मावत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी त्यांचेच काम पाहावे. समुपदेशनाच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण करून १९४२ मध्ये त्यांनी एका प्रकरणाचा संपूर्ण शब्दशः उतारा छापला, आणि बंद खोलीतली गोष्ट तपासणीसाठी उघडी केली. शिकागोत बटलर आणि हेग यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर आमच्या मुद्द्याचा नमुनाच आहे. विल्यम स्टीफनसन यांच्या क्यू तंत्राने प्रत्येकाला १०० विधाने नऊ ढिगांत लावायला दिली: १, ४, ११, २१, २६, २१, ११, ४, १. एकदा ‘मी आहे तसा’, एकदा ‘मला व्हायचे आहे तसा’. दोन मांडण्यांतला सहसंबंध प्रत्येक माणसासाठी वेगळा काढला आणि त्यानंतरच सरासरी घेतली. समुपदेशनाआधी ती −०.०१ होती, नंतर ०.३४. तुलना गटाची ०.५८ वरून ०.५९. त्या सरासरीमागेही न बदललेली माणसे असणारच, पण ती शोधता येतात, कारण प्रत्येकाचा आकडा जपलेला आहे.

मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक प्रबंधांबद्दल थोडेच. सहा-आठ जणांच्या सखोल अभ्यासाला ‘सामान्यीकरण कसे करणार’ विचारण्याऐवजी, प्रत्येक आशयसूत्र कोणाकोणाच्या बोलण्यात आले आणि कोणाच्या बोलण्यात त्याच्या उलट आले, याचा तक्ता मागा. विरोधी उदाहरण एकही नसेल तर ते शोधलेले नसते, हा आमचा अंदाज बहुधा खरा ठरतो.

नैतिकता समित्यांना एक विशेष विनंती. नाव काढले की माहिती निनावी झाली, हे एकदाच भरलेल्या प्रश्नावलीला कदाचित चालेल. तीन आठवड्यांच्या वेळेसह नोंदी, त्यांत झोपेची वेळ, कामाची पाळी, भांडणाचा दिवस, एवढ्यावर जोडीदार किंवा सहकारी त्या माणसाला सहज ओळखेल. अशा मालिका खुल्या भांडारात टाकण्याआधी तारखांच्या जागी ‘दिवस १, दिवस २’ लिहावे, आणि आलेख छापण्यासाठी वेगळी संमती घ्यावी. तसेच एखाद्या सहभागीच्या नोंदींत जिवाची जोखीम दिसली तर ती कोण पाहणार आणि किती तासांत, हे प्रस्तावात लिहिलेले नसेल तर मान्यता देऊ नये. रोज येणारी माहिती महिनाअखेरीस उघडणारे प्रकल्प अजून मंजूर होतात.

शेवटी प्रस्तावाच्या अर्जाबद्दल. त्यात ‘नमुना संख्या’ असा एकच रकाना असतो आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. त्याचे दोन करावेत: ‘व्यक्ती किती’ आणि ‘प्रत्येक व्यक्तीच्या नोंदी किती’. शेजारी तिसरा रकाना द्यावा: ‘निष्कर्ष कोणाबद्दल: लोकसंख्येबद्दल, गटाबद्दल, की एका माणसात काळानुसार होणाऱ्या बदलाबद्दल?’ दुसऱ्या रकान्यात १ आणि तिसऱ्यात ‘एका माणसातला बदल’ असे लिहून आले, तर तो अर्ज पुढची पाने न उलटता परत पाठवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
संशोधन पद्धती शिकवणारे आणि प्रबंध तपासणारे काही अध्यापक